पिल्लाच्या दातांना काम द्या: कुरतडणं आवरण्याची आणि चांगल्या सवयी लावण्याची सविस्तर कृती

भिंगरी, आमची कुत्री, घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. तिसऱ्याच दिवशी मी फोनवर बोलत असताना तिने जेवणाच्या टेबलाचा पाय धरला. लाकूड खरवडल्यासारखा आवाज येत होता, पण मला वाटलं शेजारी काहीतरी दुरुस्ती चाललीये. पाच मिनिटांनी वाकून पाहिलं तर पायाच्या खालच्या कडेला सुईने टोचल्यासारखी भोकं, फरशीवर भुसा आणि तिच्या ओल्या नाकाला चिकटलेली लाकडाची एक कपची. मी जोरात ओरडले. ती दचकली, शेपूट हलवत माझ्याजवळ आली आणि माझी पाठ वळताच पुन्हा टेबलाकडे गेली. त्या ओरडण्यातून ती काय शिकली असेल? लाकूड छान लागतं, आणि ही बाई मधूनच भुंकते.

तिच्यानंतर आणखी दोन पिल्लं माझ्या हाताखालून गेली. आता माझं ओरडणं जवळजवळ बंद झालंय, कारण एक गोष्ट उशिरा का होईना लक्षात आली. पिल्लू दिवसभर शिकतच असतं, आपण शिकवत असू किंवा नसू. आपलं लक्ष नसतं तेव्हा त्याला चप्पल शिकवते, सोफा शिकवतो, वायर शिकवते. म्हणून खाली जे सांगणार आहे त्यातला निम्मा भाग पिल्लाबद्दल नाही, घराबद्दल आहे.

## दातांचा हिशेब

पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात आणि सुईसारखे टोकदार असतात. साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पुढचे दात पडायला लागतात, मग सुळे आणि दाढांची पाळी. सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 42 दात आलेले असतात. या काळात हिरड्या सुजतात, ठणकतात, आणि काहीतरी दाबून चावलं की बरं वाटतं. खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला किंवा फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला तर घाबरू नका. बरेच दात तर पिल्लू गिळूनच टाकतं, तुम्हाला कळतही नाही. एकच गोष्ट पाहत राहा: नवा सुळा वर आलाय आणि जुना त्याच्या शेजारी तसाच उभा आहे, असं दिसलं तर पशुवैद्याला दाखवा. जुना सुळा अडून बसला तर नवा वाकडा येतो.

पण सगळा दोष दातांवर ढकलता येत नाही. पिल्लाला हात नाहीत. एखादी वस्तू काय आहे हे त्याला तोंडात घेऊनच कळतं. शिवाय कंटाळा असतो, अतिथकवा असतो, लक्ष वेधून घेणं असतं, एकटेपणाची भीती असते. आणि सात महिन्यांनी दात आले म्हणजे सुटलो, असं समजणारे लोक नेमके तेव्हाच सोफा गमावतात. वयात येणाऱ्या कुत्र्याच्या जबड्यात आता खरी ताकद असते, अंगात रग असते, आणि कुरतडण्याची दुसरी लाट दीड वर्षापर्यंत येत-जात राहते.

## आधी तीन दिवस वही ठेवा

उपाय सुरू करण्याआधी तीन दिवस एवढंच करा: पिल्लाने काही कुरतडलं की वेळ, वस्तू आणि त्याआधी काय चाललं होतं ते लिहा. भिंगरीच्या वहीत पहिल्या तीन दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात संध्याकाळी सात ते साडेआठच्या मधल्या होत्या. मला वाटत होतं तिला फिरणं कमी पडतंय, म्हणून मी संध्याकाळचा खेळ वाढवला होता. प्रकार उलटाच होता. घरात माणसं परत आलेली, गडबड चालू, आणि दुपारपासून तिचा डोळा लागलेला नसे. लहान पिल्लाला दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते. झोप मोडलेलं पिल्लू पेंगत नाही, ते सुसाट सुटतं, हाताला चावतं, पडद्याला लोंबकळतं. चौथ्या दिवशी सातच्या ठोक्याला तिला तिच्या कुंपणात ठेवलं, चघळायला दिलं आणि दिवा मंद केला. दहा मिनिटांत खेळणं तोंडात तसंच धरून ती झोपली होती.

तुमच्या वहीत वेगळं काही निघेल. कुरतडणं फक्त तुम्ही लॅपटॉपसमोर बसल्यावर होत असेल तर पिल्लाला तुमचं लक्ष हवंय, आणि चप्पल पळवली की तुम्ही उठता हे त्याने ताडलंय. फक्त दाराजवळ आणि फक्त घर रिकामं असताना होत असेल तर तो विषय वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

## पहिली पायरी: गुडघ्यांवर या

खरोखर या. हातापायांवर रांगत प्रत्येक खोलीतून एक फेरी मारा. उभं राहून घर पाहिलं तर ते आवरलेलं दिसतं. पिल्लाच्या उंचीवरून लोंबणारी चार्जरची वायर दिसते, पलंगाखालचा मोजा दिसतो, रिमोटमधली बॅटरी दिसते, उघडी पर्स दिसते.

यातलं काही नुसतं महाग असतं, काही जिवावर बेतणारं असतं. चालू वायर चावली तर तोंड भाजतं आणि झटका बसतो. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या गिळल्या तर अन्ननलिका आतून जळते. डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या आपल्या नेहमीच्या गोळ्या कुत्र्यासाठी विष ठरू शकतात. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण हे लांब ठेवा. झायलिटॉल नावाचा, साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते आणि यकृतावरही परिणाम होतो, तेव्हा पीनट बटर वापरणार असाल तर बाटलीवरची यादी आधी वाचा. झाडांमध्ये कण्हेर, सायकस आणि डिफेनबॅकिया यांच्या कुंड्या पिल्लाच्या आवाक्यातून हलवा.

मोजे आणि दोरे यांना लोक हसण्यावारी नेतात. मोजा आतड्यात अडकला तर पोट फाडून काढावा लागतो. पिल्लू वारंवार ओकतंय, खाणं सोडलंय, कुंथतंय पण शी होत नाही, मलूल पडलंय, यातलं काही दिसलं तर उद्याची वाट पाहू नका. मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. आत त्याचं दुसरं टोक कुठे गुंतलंय हे आपल्याला माहीत नसतं, आणि ओढल्याने आतडं कापलं जाऊ शकतं.

घर आवरून झालं की पिल्लाचं राज्य छोटं करा. पहिले काही महिने त्याला सगळं घर मोकळं देण्यात काही प्रेम नाही. एक खोली, किंवा खोलीतला जाळीच्या कुंपणाचा कोपरा, त्यात बिछाना, पाणी आणि चघळायच्या वस्तू. तुमचं पूर्ण लक्ष असेल तेव्हा ते बाहेर, नसेल तेव्हा आत. मधला तिसरा मार्गही आहे: हलका, दीड-दोन मीटरचा पट्टा लावून त्याचं टोक तुमच्या कमरेला बांधा. तुम्ही कपडे घडी करा, ते पायाशी राहील. पट्टा लावलेलं पिल्लू एकटं मात्र सोडू नका, तो कुठे अडकून गळ्याला फास बसू शकतो.

जाता जाता एक. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. तुम्हाला ती जुनी आहे हे माहीत आहे. पिल्लाला फक्त चामड्याचा आणि तुमच्या पायाचा वास कळतो, आणि तो नव्या चपलेलाही येतो.

## दुसरी पायरी: दातांना काम

1970च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या माणसाकडे फ्रिट्झ नावाचा एक जर्मन शेफर्ड होता, पोलिसांकडून निवृत्त झालेला. त्याला दगड चावायचं वेड. दात झिजून चालले होते. मार्कहॅम फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करत सुटे भाग बाजूला टाकत होता, तेव्हा फ्रिट्झने त्यातला सस्पेन्शनचा रबरी तुकडा उचलला आणि त्यानंतर दगड सोडून दिले. त्यातूनच काँग हे पोकळ रबरी खेळणं आलं. मला ही गोष्ट आवडते ती खेळण्यापेक्षा त्या माणसासाठी. दगडांचं वेड सोडवण्याचे त्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. कुत्र्याला दगडापेक्षा बरं काहीतरी मिळालं, तेव्हा प्रश्न सुटला.

चघळायची वस्तू निवडताना अंगठ्याचं नख तिच्यावर दाबून पाहा. नखाचा जरासुद्धा वळ उठत नसेल तर ती पिल्लाच्या दातांसाठी जास्त कडक आहे. हरणाची शिंगं, खूर, मोठी वाळकी हाडं या कडक वस्तूंनी वरच्या जबड्यातली मोठी दाढ कपचा उडून फुटते, आणि कुत्रं दुखणं लपवण्यात पटाईत असल्याने आपल्याला महिनोन्महिने कळत नाही. शिजवलेली हाडं तर कधीच नकोत, त्यांच्या अणकुचीदार सळया होतात. वस्तू घशात जाईल इतकी छोटी नको. टेनिसचा चेंडू झेलायला ठीक, पण तासन्‌तास चघळायला देऊ नका, त्याचा खरखरीत लोकरी थर दात घासून काढतो. कापडी खेळण्यातली चूं करणारी पिपाणी पिल्लू दहा मिनिटांत शोधून काढतं, म्हणून अशी खेळणी फक्त तुमच्या समोर.

हिरड्या फार ठणकत असतील त्या दिवसांत जाड सुती फडकं ओलं करून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि गार झाल्यावर चघळायला द्या. धागे निघायला लागले की काढून घ्या. पोकळ रबरी खेळण्यात त्याच्याच रोजच्या जेवणातला भाग भिजवून भरला आणि गोठवला, तर वीस मिनिटं ते अर्धा तास पिल्लू त्यातच रमतं. खेळणं पहिल्यांदा देताना गोठवू नका. आत काहीतरी मिळतं हे कळण्याआधीच कठीण झालं तर ते नाद सोडून देईल.

आणि सगळी खेळणी एकदम बाहेर काढू नका. तीन बाहेर, बाकीची कपाटात, दर दोन-तीन दिवसांनी अदलाबदल. आठवडाभर कपाटात राहिलेलं खेळणं पिल्लाला नवं कोरं वाटतं.

## तिसरी पायरी: शब्द ठरवा, आणि घरात सगळ्यांनी तोच वापरा

मराठी घरात कुत्र्याला शिकवण्याची एक गंमत आहे. आपण त्याला खाली बसायला "बस" म्हणतो. तोच शब्द आपण दिवसभर इतर शंभर कामांना वापरतो. वाढणाऱ्याला "बस, बस", पाहुण्याला "बस ना रे", मुलांना "बस्स झालं आता". पिल्लू हे सगळं ऐकतं, आणि त्या शब्दाला काही अर्थ नाही असं ठरवून मोकळं होतं. आमच्याकडे तोंडातली वस्तू सोडवायलाही तीन शब्द होते. मी "सोड" म्हणायचे, नवरा "टाक", मुलगी "दे ना गं". शेवटी फ्रीजवर कागद चिकटवला आणि पाच शब्द ठरवले: इकडे, खाली, सोड, राहू दे, जागेवर. "बस"च्या जागी "खाली" आलं. कागद फाटेपर्यंत तो तिथेच राहिला, कारण शिस्त पिल्लाला लागण्याआधी आम्हाला लागायची होती.

सहावा शब्द बक्षिसाचा. छोटा, आनंदी, रोजच्या बोलण्यात न येणारा. "शाब्बास" लांब पडतो, मी "यप" म्हणते, आणि ते कितीही विचित्र वाटलं तरी चालतं. शब्द उच्चारायचा आणि लगेच खाऊ द्यायचा, असं दहा-पंधरा वेळा केलं की शब्द ऐकताच पिल्लू तुमच्या हाताकडे पाहायला लागतं. आता हा शब्द कॅमेऱ्याच्या बटणासारखा वापरायचा. पिल्लाने योग्य गोष्ट केली त्याच क्षणी शब्द, मग खाऊ. दोन सेकंद उशीर झाला तर बक्षीस भलत्याच गोष्टीला जातं. ते खाली बसलं, तुम्ही खिसा चाचपला, तोवर ते उठलं, आणि तुम्ही खाऊ दिला: बक्षीस उठण्याला मिळालं.

खाऊ वाटाण्याएवढा पुरे. दिवसाच्या एकूण खाण्यातला दहावा हिस्सा त्याने ओलांडू नये, म्हणून मी जेवणातलेच काही दाणे सकाळी डबीत वेगळे काढते. शिकवणी तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून चार-पाच वेळा. रविवारी तासभर बसून कुत्रं शिकत नाही.

सर्वात जास्त बक्षीस मात्र शिकवणीत नाही, एरवी द्या. पिल्लू आपणहून आपलं खेळणं घेऊन चघळत बसलंय, तेव्हा आपण "चला, शांत आहे" म्हणून त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. तिथेच चूक होते. जवळून जाताना हळूच "यप" म्हणा, एक दाणा त्याच्या पंजांमध्ये टाका आणि पुढे निघून जा. माझ्या अनुभवात कुरतडण्यावर याच्याइतकं जोरात काम करणारं दुसरं काही नाही, आणि याच्याइतकं विसरलं जाणारंही नाही.

## चौथी पायरी: "सोड"

हा शब्द नीट शिकवला तर एक दिवस तो पिल्लाचा जीव वाचवेल. म्हणून सावकाश.

पहिले दोन दिवस पिल्लाला साधं, फारसं न आवडणारं खेळणं द्या. ते तोंडात असताना खाऊ त्याच्या नाकाशी न्या. खेळणं सुटेल. सुटताच "यप", खाऊ, आणि हे महत्त्वाचं, खेळणं त्याला परत. शब्द अजून उच्चारायचा नाही. सोडलं की गोष्ट जात नाही, दुप्पट होते, हा विश्वास बसू द्या.

तिसऱ्या दिवसापासून खाऊ दाखवण्याच्या एक सेकंद आधी "सोड" म्हणा. एकदाच. "सोड सोड सोड सोड" असं म्हटलं तर शब्द चारदा ऐकल्यावर हलायचं असतं, हे ते शिकेल. पाच-सहा दिवसांत ते शब्दावरच तोंड उघडेल. मग खाऊ हातात न धरता पाठीमागच्या डबीतून द्यायला लागा. त्यानंतर जास्त आवडतं खेळणं, मग चघळायची वस्तू, आणि अगदी शेवटी मोजा. प्रत्येक वेळी दहातून आठदा जमलं की पुढची पायरी, नाहीतर एक पायरी मागे.

"राहू दे" त्याचीच बहीण आहे. मुठीत खाऊ धरा, मूठ पिल्लासमोर ठेवा. ते चाटेल, नखं मारेल, चावून पाहील. गप्प राहा, मूठ उघडू नका. ज्या क्षणी ते कंटाळून तोंड मागे घेईल त्या क्षणी "यप", आणि खाऊ दुसऱ्या हातातून. मुठीतला कधीच नाही. पुढे मूठ उघडी, मग खाऊ फरशीवर, मग चालता चालता.

मोजा घेऊन पिल्लू पळालं तर पाठलाग करू नका. तुम्ही धावलात की तो जगातला सर्वोत्तम खेळ होतो आणि उद्या पुन्हा मोजा पळवला जातो. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यात गाठून जबडा उघडून हिसकावणं. असं चार-पाचदा झालं की काही पिल्लं वस्तू पटकन गिळायला शिकतात, काही गुरगुरायला. उलट दिशेने चालायला लागा, खाऊची डबी वाजवा, ते येईल. वस्तू विषारी किंवा धारदार असेल तेव्हाच हा नियम मोडायचा.

## हातापायांचा चावा

भावंडांत खेळताना पिल्लू जोरात चावलं की दुसरं खेळ थांबवतं. त्यातून चाव्याचा जोर आवरायला ते शिकतं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं यात बरेचदा कच्ची राहतात आणि उरलेला धडा आपल्याला पुरा करावा लागतो.

कळवळून "आई गं" ओरडा, असं पुष्कळ जण सांगतात. काही पिल्लं त्याने थबकतात. माझी तिन्ही त्याने आणखी चेकाळली. माझ्या घरी चाललं ते हे: दात कातडीला लागले की हात सैल सोडायचा, ओढायचा नाही, कारण पळणारी गोष्ट धरावीशी वाटते. मग उठून काही न बोलता कुंपणाच्या पलीकडे जायचं, वीस-तीस सेकंद. परत यायचं, खेळणं पुढे करायचं. एका संध्याकाळी हे पंधरा वेळा करावं लागतं आणि पंधराव्यांदा आपल्यालाच रडू येतं. दोन आठवड्यांत फरक दिसतो. मधे एकदोन दिवस चावणं अचानक वाढेल. जुनी युक्ती चालेना म्हणून पिल्लू ती जोर लावून पाहतंय, एवढाच त्याचा अर्थ. नेमकं तिथेच बहुतेक लोक हात टेकतात.

लहान मुलांना पळायला नाही, झाड व्हायला शिकवा: हात छातीशी घट्ट, नजर वर, गप्प. आणि लहान मूल व पिल्लू यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नका, दोघंही कितीही गुणी असली तरी. दात लागून कातडी फाटली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना विचारा. घरच्या पिल्लाचं रेबीजचं लसीकरण पूर्ण झालेलं नसेल तर यात चालढकल नको.

## नुकसान होऊन गेल्यावर

घरी आलात, उशीचा कापूस खोलीभर, आणि पिल्लू कान पाडून, नजर चुकवून उभं. "बघा, त्याला कळतंय काय केलंय ते." कळत नसतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हेच तपासलं. मालकाने खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं, आणि कुत्र्याने तो खाल्ला की नाही याबद्दल परतलेल्या मालकाला कधी खरं तर कधी खोटं सांगायचं. तो अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर, कुत्र्याने खाल्लं असो वा नसो. काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तर तो जास्तच ठळक होता. म्हणजे आपण पाहतो तो पश्चात्ताप नाही, आपल्या रागाची चाहूल आहे. फाटक्या उशीत नाक दाबणं, मारणं, तासाभराने झापणं यातून पिल्लू एकच शिकतं: माणूस घरी येतो तेव्हा धोका असतो. कापूस गोळा करा आणि वहीत नोंद करा.

समोरच कुरतडताना सापडलं तर टाळी किंवा नाव, एवढंच. लक्ष वळलं की त्याला त्याचं खेळणं द्या, आणि ते खेळण्याला लागल्यावर "यप".

कडू फवाऱ्यांबद्दल नेहमी विचारणा होते. त्यातल्या अनेकांत डिनॅटोनियम असतं. 1958 साली ते सापडलं आणि माणसाला माहीत असलेल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. टेबलाच्या पायाला, कपाटाच्या कडेला ते काही दिवस उपयोगी पडतं, रोज पुन्हा लावावं लागतं, आणि काही पिल्लं ते चटणीसारखं चाटतात. मिरची मात्र लावू नका. डोळ्यांत आणि नाकात जाऊन जो त्रास होतो तो शिक्षण नव्हे.

## एकटं राहण्याची सवय

दिवसा पिल्लाला किती तास एकटं ठेवता येईल, याचा ढोबळ आडाखा असा: जितके महिन्यांचं, फार तर तितके तास, तेही हळूहळू सवय लावून. सुरुवात दहा सेकंदांनी करा. चघळायला द्या, दाराबाहेर जा, ते रडायच्या आत परत या. दहा सेकंद, तीस, दोन मिनिटं, मग पुन्हा वीस सेकंद, म्हणजे दर वेळी वेळ वाढतोच असं त्याला वाटणार नाही. जाताना निरोपसमारंभ नको, आल्यावर सोहळा नको.

आता वहीतली ती दाराजवळची नोंद. कंटाळ्याचं कुरतडणं घरभर असतं आणि वेळ मिळेल तसं चालतं. भीतीचं कुरतडणं दाराच्या चौकटीला, खिडकीच्या कडेला असतं, तुम्ही गेल्यानंतर थोड्याच वेळात सुरू होतं, आणि सोबत लाळ गळणं, धापा, सतत रडणं, घरी शिकलेलं असूनही शू-शी होणं असतं. मोबाइल लावून अर्ध्या तासाचं चित्रण करा, लगेच कळेल. ही भीती खेळण्यांनी जात नाही. असं पिल्लू अन्नाकडे पाहतही नाही. इथे पशुवैद्य आणि वर्तनाचा जाणकार लागतो, आणि तोवर त्याला एकटं न ठेवणं हाच उपचाराचा पहिला भाग असतो. कोंडून ठेवलं तर दात आणि नखं तुटेपर्यंत ते दार खरवडू शकतं.

लाकूड, दगड, माती, कापड नुसतं चावून न थांबता पिल्लू सतत गिळत असेल तर तेही पशुवैद्याकडे न्यायचं कारण आहे. जंत, पोटाचा विकार, अपुरं खाणं यातलं काहीतरी मागे असू शकतं.

## घर मोकळं कधी करायचं

आठव्या महिन्याच्या आसपास सगळं शिकलेलं कुत्रं एकाएकी बहिरं झाल्यासारखं वागतं. 2020 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी पाच आणि आठ महिन्यांच्या कुत्र्यांना खाली बसायला सांगून पाहिलं. आठ महिन्यांची कुत्री आपल्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. तेव्हा हे विसरणं नाही, वय आहे. खाऊची डबी पुन्हा बाहेर काढा, पट्टा पुन्हा लावा, फिरताना हुंगायला जास्त वेळ द्या. वीस मिनिटं मनसोक्त हुंगलेलं कुत्रं तासभर चेंडू पळवलेल्या कुत्र्यापेक्षा शांत झोपतं, हे मी माझ्या तिन्हींमध्ये पाहिलंय.

एका खोलीत सलग महिनाभर काही कुरतडलं नाही तर पुढची खोली द्या, आधी तुम्ही समोर असताना, मग दहा मिनिटं एकटं, मग तासभर. काही कुरतडलं तर एक खोली मागे, पंधरा दिवस, कटकट न करता. भिंगरीला बैठकीची खोली अकराव्या महिन्यात मिळाली आणि शयनगृह दीड वर्षाची झाल्यावर. टेबलाचा पाय तासून गुळगुळीत करून घेतला, पण त्याची ती बाजू आता जरा बारीक दिसते. चपलांचा कप्पा अजूनही दाराआडच आहे.